गोरेगावचा रेणू

1989 साली औषधी रसायनशास्त्राला वाहिलेल्या एका युरोपीय नियतकालिकात तीन पानांचा निबंध छापून आला. मथळ्याची सुरुवातच ‘नायट्रोइमिडाझोल्स, भाग 21’ अशी होती, म्हणजे आधीचे वीस भाग होऊन गेले होते. लेखकांची नावे नागराजन, शंकर, राजप्पा, शेणॉय आणि कोस्टा-परेरा. तमिळ, कोकणी आणि गोव्याकडची नावे अशी एकाच ओळीत दिसली की मुंबई ओळखू येते. काम झाले होते गोरेगावला, हिंदुस्तान सिबा-गायगी कंपनीच्या संशोधन केंद्रात. नायट्रोइमिडाझोल कुळातल्या काही नव्या, दोन कड्यांच्या संयुगांना क्षयाचे जंतू मारता येतात, असे त्या तीन पानांत सांगितले होते.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आज जगभर प्रेटोमॅनिड आणि डेलामॅनिड ही दोन नवी औषधे दिली जातात. दोघांचीही वंशावळ मागे नेत गेले की आपण त्या तीन पानांपाशी पोहोचतो. मुंबईच्या उपनगरात जन्मलेल्या एका रेणूने सिएटल, तोकुशिमा, प्रिटोरिया असा प्रवास केला आणि तीस वर्षांनी त्याची नातवंडे औषध होऊन मुंबईत परत आली. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात ही गोष्ट ठळक अक्षरांत असायला हवी होती. ती मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही, म्हणून हा लेख.

आधी इमिडाझोलची ओळख. पाच अणूंचे छोटे कडे, त्यात तीन कार्बनचे आणि दोन नायट्रोजनचे. हाइनरिश डेबुस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1858 साली ते प्रथम प्रयोगशाळेत बनवले. पण निसर्ग ते कडे फार आधीपासून वापरत आला आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू जागेवर धरून ठेवतो तो हिस्टिडिन, आणि त्या हिस्टिडिनच्या टोकाला हेच कडे असते. गांधीलमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठतात त्यामागच्या हिस्टामिनमध्येही तेच. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रथिने वेगळी काढून शुद्ध करताना इमिडाझोलचे द्रावण आजही रोज लागते.

या कड्याला एक नायट्रो गट, म्हणजे नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू, जोडला की वेगळीच शक्ती येते. हे माणसाला शिकवले जपानच्या मातीने. 1953 साली हामाओ उमेझावा यांच्या गटाने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून अझोमायसिन नावाचे प्रतिजैविक वेगळे केले. दोन वर्षांत त्याची रचना कळली, ते 2-नायट्रोइमिडाझोल निघाले. फ्रान्समध्ये रोन-पुलँक कंपनीने तो धागा उचलला, शेकडो भावंडे बनवून पाहिली, आणि त्यातून मेट्रोनिडाझोल आले. फ्लॅजिल किंवा मेट्रोजिल या नावांनी ही गोळी आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी येऊन गेली आहे. आधी ती ट्रायकोमोनास या परजीवीवर वापरली गेली. 1966 साली दक्षिण आफ्रिकेत दर्बानच्या डॉक्टरांनी अमिबाच्या आमांशावर आणि यकृतातल्या गळवावरही ती लागू पडते हे दाखवले, आणि भारतासारख्या देशात तिचे महत्त्व एकदम वाढले.

या कुळातल्या औषधाचे काम करण्याची रीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. कोरड्या जमिनीत बी नुसते पडून राहते आणि ओल मिळाली की फुटते, तसा नायट्रो गट आपल्या पेशींत निपचित राहतो. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूच्या पेशीत शिरला की तिथली विकरे त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि मग तयार होणारे आक्रमक तुकडे जंतूचा डीएनए मोडतात. मारेकरी जंतूच्या स्वतःच्या घरात तयार होतो. हीच त्याची ताकद, आणि त्याच्यावरचा मोठा आक्षेपही इथूनच येतो. डीएनए मोडणारी वस्तू माणसाच्या डीएनएला हात लावणार नाही याची खात्री कोण देणार?

आता गोरेगाव. सिबा, म्हणजे पुढची सिबा-गायगी, ही स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातली कंपनी. तिने आरे रस्त्यावर संशोधन केंद्र उभारले आणि 1963 साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. परदेशी औषध कंपनीने भारतात गोळ्या बनवण्याचा कारखाना टाकणे नवे नव्हते. नवी औषधे शोधण्यासाठी, त्याही इथल्याच शास्त्रज्ञांकडून, पूर्ण सुसज्ज प्रयोगशाळा उभारणे मात्र त्या काळात विरळा होते. संचालक म्हणून कंपनीने मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून टी. आर. गोविंदाचारी यांना आणले. वनस्पतींतल्या अल्कलॉइडांवरचे त्यांचे काम जगभर माहीत होते, आणि रसायनशास्त्राचा पहिलावहिला भटनागर पुरस्कार त्यांना मिळालेला होता. कॉलेजच्या अपुऱ्या साधनांत जागतिक दर्जाचे काम करणारा माणूस नव्या यंत्रसामग्रीच्या घरात आला. त्यांच्याच तालमीत तयार झालेले के. नागराजन औषधी रसायनशास्त्राची बाजू सांभाळू लागले. एस. राजप्पाही तिथलेच, ते पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले.

साठ आणि सत्तरच्या दशकांतला मुंबईचा तो पट्टा डोळ्यांसमोर आणून पाहावा. मुलुंडला हेक्स्टचे संशोधन केंद्र आले. तिथे आपल्याकडच्या माइनमुळे या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन सापडले, आणि पेशीच्या आतले संदेश कसे फिरतात हे अभ्यासण्यासाठी ते आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. एकीकडे गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि त्याच शहराच्या उपनगरांत नव्या रेणूंना क्रमांक मिळत होते. गिरण्यांवर कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली, कविता झाल्या. या प्रयोगशाळांबद्दल आपण काहीच लिहिले नाही, याची मला खंत वाटते.

गोरेगावच्या संयुगांना ‘गो’ या अक्षरांनिशी क्रमांक मिळत. नैराश्यावरचे नायट्रोक्साझेपिन तिथलेच. पोटातल्या जंतांवरचे अमोस्कॅनेटही तिथलेच, आणि त्याचा क्रमांक होता सी 9333-गो. पण केंद्राने चिकाटीने धरून ठेवला तो इमिडाझोलचा धागा. त्याला कारण होते. अमिबाचा आमांश बाझलच्या लोकांना पुस्तकातून माहीत होता, मुंबईच्या लोकांना पोटातून. मेट्रोनिडाझोलने तोंड कडू पडते, मळमळते, रुग्ण गोळ्या अर्ध्यावर सोडतो. यापेक्षा बरे काही हवे होते. नागराजन यांच्या गटाने इमिडाझोलच्या कड्याच्या दुसऱ्या स्थानावर आणखी एक पाच अणूंचे कडे लावून पाहिले आणि त्यातून गो 10213 निघाले. पुढे त्याचे सॅट्रानिडाझोल असे बारसे झाले. 1984 साली या गटाने दाखवले की मेट्रोनिडाझोलला न जुमानणारा ट्रायकोमोनासचा एक वाण गो 10213 ला बळी पडतो. सॅट्रानिडाझोल भारताच्या बाजारात आले. भारतात शोधून, भारतात तपासून, भारतातच विकले गेलेले औषध, अशी उदाहरणे त्या काळात बोटांवर मोजण्याइतकी होती.

संशोधनात एका कामाच्या पोटात दुसरे काम वाढत असते. ज्यांच्या रेणूत इमिडाझोलला दुसरे कडे थेट जुळलेले होते, अशी दोन कड्यांची नायट्रोइमिडाझोले मुळात वेगळ्याच हेतूने अभ्यासली गेली होती. कर्करोगाच्या गाठीत आतल्या भागाला ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि तिथे किरणोपचार नीट लागू पडत नाहीत. नायट्रोइमिडाझोल अशा पेशींना किरणांपुढे हळवे करते. त्या शोधात बनलेली संयुगे क्षयाच्या जंतूवरही टाकून पाहिली गेली, आणि ती चालली.

हे आश्चर्याचे होते. क्षयाचा जंतू ऑक्सिजनवर जगणारा, फुप्फुसाच्या वरच्या भागात रमणारा. मेट्रोनिडाझोलची ताकद ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंवर, आणि भरभरून वाढणाऱ्या क्षयजंतूला ते काहीच करत नाही. मग दुसरे कडे जुळल्यावर असे काय घडले? त्याचे उत्तर 1989 मध्ये कोणाकडेही नव्हते. गोरेगावच्या लोकांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी संयुगांची मालिका बनवली आणि त्यातले सर्वांत चांगले निवडून पुढच्या तपासणीला दिले. त्याचा क्रमांक सीजीआय 17341.

त्या तपासणीचा निबंध फेब्रुवारी 1993 मध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या नियतकालिकात आला. पहिले नाव डी. आर. अष्टेकर यांचे, आणि पुढे कोस्टा-परेरा, नागराजन, विश्वनाथन, भट्ट, रिटेल. मुंबई त्या दिवसांत दंगलींतून नुकती उठत होती आणि मार्चमधले बाँबस्फोट व्हायचे होते. त्या गदारोळात कोणत्याही वर्तमानपत्राला चार पानांच्या शास्त्रीय निबंधाची दखल घ्यायला सवड नसणार हे समजण्यासारखे आहे. पण आत काय होते पाहा. एका मिलीलिटरमध्ये हे संयुग 0.1 ते 0.3 मायक्रोग्रॅम इतके अल्प असले तरी क्षयाचा जंतू वाढेना. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन सर्वांत भरवशाच्या औषधांच्या तोडीची ही ताकद होती. आम्लता वाढवली तरी ती कमी झाली नाही, आणि पेशींच्या आत जिथे हा जंतू लपतो तिथे आम्लताच असते. जुन्या औषधांना मुरलेले जंतूही यातून सुटले नाहीत. क्षय झालेल्या उंदरांना दिले तेव्हा मात्रा वाढवू तसे त्यांचे आयुष्य वाढत गेले.

1882 च्या 24 मार्चला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. त्यानंतर पाच वर्षांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या बाईलाही तेव्हा औषध नव्हते. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आले, 1952 मध्ये आयसोनियाझिड, साठच्या दशकात रिफाम्पिसिन. मद्रासच्या प्रयोगाने 1959 साली सिद्ध केले की गोळ्या नीट घेतल्या तर क्षयाचा रुग्ण आपल्या घरी राहूनही सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. आणि मग जगाने पाठ फिरवली. श्रीमंत देशांतून क्षय ओसरला होता, आणि ज्यांना तो होत होता त्यांच्या खिशात पैसे नव्हते. चाळीसेक वर्षे क्षयासाठी नव्या वर्गाचे एकही औषध आले नाही. गोरेगावचा रेणू नेमका या दुष्काळात उगवला.

तो तिथेच थांबला. जंतूंवरच्या चाचणीत सीजीआय 17341 डीएनएत बदल घडवते असे दिसले. वर मांडलेला आक्षेप इथे खरा ठरला. महिनोन्‌महिने घ्यायच्या औषधात हा दोष चालणे शक्यच नव्हते, आणि काम थांबवण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण दोष काढून टाकता येतो का, हे पाहण्याइतकी उमेद आणि पैसा कोणी मागे लावला नाही, हेही तितकेच खरे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट बंद केले आणि फक्त बनवण्याच्या पद्धतीवरचे ठेवले. त्यामुळे स्वस्त औषधे बनवणारी भारतीय कंपन्यांची पिढी उभी राहिली, आणि त्या कायद्याचे उपकार गरीब रुग्ण विसरू शकणार नाही. मात्र इथे नवा रेणू शोधण्यात परदेशी कंपनीला रस उरला नाही. त्यातून रोग क्षयासारखा, गरिबांचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि गोरेगावचे केंद्र त्या दोहोंच्या मधे सापडले. ते पुढे मिटले. 1996 साली सिबा-गायगी आणि सँडोझ एकत्र होऊन नोव्हार्टिस झाली आणि जुन्या कंपनीचे नावही औषधांच्या खोक्यांवरून गेले.

छापलेला निबंध मात्र कोणाच्या मालकीचा नसतो. अमेरिकेत सिएटल शहरात पॅथोजेनेसिस नावाच्या छोट्या कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी गोरेगावचे निबंध वाचले. त्यांनी दुसरे कडे पाचाऐवजी सहा अणूंचे केले, त्याला लांब शेपूट लावले, आणि अशी तीनशेहून अधिक संयुगे तपासली. त्यातले पीए-824 तोंडावाटे देता येत होते, उंदरांत काम करत होते, आणि डीएनएत बदल घडवत नव्हते. 2000 साली केंडल स्टोव्हर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध केले आणि त्यात सीजीआय 17341 चे ऋण मान्य केले. त्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि पीए-824 पुन्हा पोरके होण्याची वेळ आली. ते वाचले, कारण टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने 2002 साली त्याचे हक्क घेतले. नफ्यासाठी काम न करणारा कोणीतरी मधे उभा राहिला म्हणून हा रेणू जगला, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. पुढच्या विकासाचे बरेच काम दक्षिण आफ्रिकेत झाले आणि प्रिटोरिया शहरावरून त्याला प्रेटोमॅनिड हे नाव मिळाले.

दुसरी शाखा जपानमधली. तोकुशिमाच्या ओत्सुका कंपनीने गोरेगावचे मूळ पाच अणूंचे दुसरे कडे तसेच ठेवले आणि बाजूची रचना बदलून डीएनए बिघडवण्याचा दोष घालवला. 2006 साली जाहीर झालेले ते संयुग म्हणजे डेलामॅनिड. 1989 च्या मथळ्यात ज्या सांगाड्याचे नाव होते, तोच सांगाडा डेलामॅनिडच्या पोटात आहे. दोष काढता येत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा काय द्यावा?

दुसरे कडे जुळल्यावर काय घडते, या प्रश्नाचे उत्तरही याच रेणूंनी मिळवून दिले. पीए-824 ला न जुमानणारे क्षयजंतू प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवायचे, त्यांच्या जनुकांत काय बदलले ते शोधायचे, आणि त्यावरून औषधाला कोण जागे करते ते ओळखायचे, अशी ती पद्धत. त्यातून समोर आले एफ-420 नावाचे सहविकर. ते पिवळसर रंगाचे आहे, मिथेन बनवणाऱ्या प्राचीन सूक्ष्मजीवांत आणि क्षयजंतूच्या कुळात आढळते, आणि माणसाच्या पेशीत नसते. उज्जिनी मंजुनाथ आणि सहकाऱ्यांनी 2006 साली ते विकर ओळखले जे एफ-420 च्या मदतीने प्रेटोमॅनिडला इलेक्ट्रॉन देते. 2008 साली रमनदीप सिंग आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की त्या क्रियेत रेणूतून नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो, जंतूच्या पेशीच्या आतच, आणि तो त्याचा श्वास कोंडतो. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशीही क्षयजंतूवर हेच अस्त्र सोडतात. हे औषध भरभरून वाढणाऱ्या जंतूला तर मारतेच, शिवाय या वायूमुळे ऑक्सिजन नसलेल्या गाठींत झोपी गेलेल्या जंतूलाही मारते. या झोपलेल्या जंतूंमुळेच क्षयाचे उपचार महिनोन्‌महिने चालवावे लागतात. उपचार म्हणून अजून मान्यताही मिळाली नव्हती तेव्हा हा रेणू संशोधनाचे हत्यार म्हणून राबत होता, आणि क्षयजंतूच्या अंतरंगाचा एक मोठा कोपरा त्याने उजेडात आणला.

इकडे मुंबईत परिस्थिती बिघडत होती. 2012 च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. देश हादरला. वेळेवर न झालेली तपासणी, चुकीची औषधे, मधेच सुटलेले उपचार, दाटीवाटीच्या खोल्या, या सगळ्यांतून असा क्षय घडतो. पुढे गोवंडीत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ संस्थेच्या दवाखान्यात अशा रुग्णांना डेलामॅनिड मिळू लागले. गोवंडी ते गोरेगाव हे अंतर लोकलने तासा-दीड तासाचे.

14 ऑगस्ट 2019 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रेटोमॅनिडला मान्यता दिली, बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड यांच्या जोडीने. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत 109 रुग्णांना या तीन औषधांचा सहा महिन्यांचा उपचार दिला गेला होता. अत्यंत बिकट क्षयाचे हे रुग्ण, आणि त्यांतले दहापैकी नऊ बरे झाले. पुढच्या एका मोठ्या चाचणीत मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडून दिलेला उपचार 89 टक्के रुग्णांत यशस्वी ठरला, जुन्या पद्धतीचा 52 टक्के. ऑक्टोबर 2019 मध्ये टीबी अलायन्सने प्रेटोमॅनिड बनवण्याचा परवाना मॅक्लिऑड्स कंपनीला दिला. ही कंपनी मुंबईची आहे.

आता या कथेला मी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यात आणतो, कारण औषधाचा इतिहास शेवटच्या रुग्णापर्यंत पोहोचला तरच पुरा होतो. शनिशिंगणापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला शनीची उघड्यावरची शिळा आणि दारे-कुलपे नसलेली घरे आठवतात. तिथे येणाऱ्या भाविकाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड दिसतात, पण फडात कोण आहे हे दिसत नाही. शेजारी सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की पाथर्डी, शेवगाव, बीडकडून ऊस तोडायला कोयते येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, पाचटाच्या कोपीत मुलांसह मुक्काम, पहाटे फडावर, रात्री गाडी भरणे. कोपी बुटकी, चूल आतच, सगळे एकत्र झोपलेले. क्षयाला याहून सोयीची जागा नाही.

आता असा विचार करा की यांतल्या एखाद्या बाईला औषधांना न जुमानणारा क्षय झाला आहे. जुन्या पद्धतीने तिला अठरा ते चोवीस महिने गोळ्या घ्याव्या लागत, रोज मूठभर, आणि त्यातले कित्येक महिने दररोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी अनेकांना कायमचे बहिरेपण आले. नोंदणी गावच्या आरोग्य केंद्रात आणि मुक्काम नेवासे तालुक्यातल्या फडावर. हंगाम संपून पट्टा पडला की परत गावी. दिवाळी आली की पुन्हा निघणे, कदाचित वेगळ्याच कारखान्याला. दोन वर्षांच्या उपचारात असे चार वेळा बिऱ्हाड हलते आणि प्रत्येक वेळी औषध तुटण्याची भीती. औषध तुटले म्हणून तिला दोष देणारे बरेच भेटतात. उचल घेतलेल्या बाईला सुटी कोण देणार, हे विचारणारे कमी. सहा महिन्यांचा, सुयांशिवायचा, चार औषधांचा उपचार तिच्यासाठी जगणे शक्य करणारी गोष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगात 1 कोटी 8 लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख दगावले. या रुग्णांपैकी सुमारे 26 टक्के भारतातले. औषधांना दाद न देणारा क्षय जगात चार लाख लोकांना झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 6 सप्टेंबर 2024 रोजी प्रेटोमॅनिड असलेल्या या सहा महिन्यांच्या उपचाराला राष्ट्रीय कार्यक्रमात मान्यता दिली. तो सरकारी केंद्रांतून मोफत द्यायचा आहे. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कमही नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 वरून 1000 रुपये झाली आहे. थुंकीतला जंतू औषधाला मुरला आहे का हे दोन तासांच्या आत सांगणारे ट्रूनॅट यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवले आहे. म्हणजे शोधाचे मूळ गोरेगावचे, तपासणीचे यंत्र गोव्याचे, औषध बनवण्याचा परवाना मुंबईत. कमी पडते ते फडापर्यंतचे शेवटचे अंतर.

नागराजन, राजप्पा, शेणॉय, कोस्टा-परेरा, अष्टेकर ही नावे शाळेच्या पुस्तकात यावीत असे मला मनापासून वाटते. मुंबई विद्यापीठाने किंवा मराठी विज्ञान परिषदेने गोरेगावच्या केंद्राचा इतिहास, त्यात काम केलेली माणसे आहेत तोवर, लिहवून घ्यावा. तिथे प्रयोगशाळेत, प्राणिगृहात, कार्यशाळेत काम केलेले अनेक मराठी तंत्रज्ञ असतील. त्यांच्या आठवणी कोणत्याही निबंधात छापलेल्या नाहीत.

आणि शिंगणापूर, सोनई, नेवासे भागातल्या कारखान्यांच्या संचालकांना, मुकादमांना, आशाताईंना एक विनंती. हंगामाच्या सुरुवातीला कोप्यांवर एक फेरी मारा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासून घ्या, आणि क्षय निघाला तर जंतू औषधाला मुरला आहे का याचीही तपासणी मागा. आधी इतरत्र उपचार चालू असतील तर नोंद इकडे वळवून घ्या, म्हणजे गोळ्या फडावर मिळतील. सरकारी निःक्षय मदतवाहिनीचा मोफत क्रमांक 1800-11-6666 आहे.